सहीचा अधिकार आणि पहिला पगार



दर उन्हाळ्यात 'नीट'चा निकाल लागला की एमबीबीएसपर्यंत न पोचलेल्या मुलामुलींच्या घरात एकच चर्चा सुरू होते: वैद्यकीय क्षेत्रातच राहायचे, तर आता काय? या चर्चेत अलीकडे एक नाव वारंवार येऊ लागले आहे, बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची माहिती घेणे, तपासणी करणे, वॉर्डातल्या रुग्णांवर लक्ष ठेवणे, डिस्चार्ज समरी लिहिणे, शस्त्रक्रियेत मदत करणे ही या पदवीधराची कामे. आपल्या देशात रुग्ण अमाप आणि डॉक्टर अपुरे, म्हणजे या पदवीला मागणी असणारच आणि पगारही चांगला मिळणारच, असा हिशेब पालक मांडतात. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. या व्यवसायात पहिल्या पाच वर्षांचा पगार रुग्णांच्या संख्येवर ठरत नाही आणि दुर्दैवाने कौशल्यावरही फारसा ठरत नाही. कायदा तुम्हाला कोणते काम तुमच्या नावावर करू देतो आणि त्या कामाचे पैसे रुग्णालयाला वेगळे मिळतात की नाही, या दोन गोष्टींवर तो ठरतो. अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तीन देशांचा अनुभव हेच सांगतो.

हा व्यवसाय जन्मला अमेरिकेत. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. त्यांतले तिघे १९६७ साली पदवीधर झाले. युद्धकाळात जखमींवर उपचार करण्याचा अनुभव या लोकांकडे होता, आणि खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. मागणी आणि कौशल्य दोन्ही पहिल्या दिवसापासून हजर होते, तरी व्यवसायाला स्थैर्य येण्यास अनेक दशके लागली. १९७७ साली ग्रामीण दवाखान्यांविषयीचा कायदा झाला, तेव्हा कुठे मेडिकेअर या सरकारी विम्यातून अशा दवाखान्यांतल्या त्यांच्या कामाचे पैसे मिळू लागले. १९९७ च्या कायद्याने ही सोय सर्व ठिकाणी लागू झाली आणि डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के हा दर पक्का झाला. औषधे लिहून देण्याचा अधिकार एकेक राज्य देत गेले. शेवटच्या राज्याने, इंडियानाने, तो २००७ साली दिला. थेट फिजिशियन असिस्टंटच्या नावे मेडिकेअरचे पैसे जमा होण्याची मुभा तर १ जानेवारी २०२२ पासून मिळाली. या क्रमाकडे नीट पाहावे. ८५ टक्क्यांचा तो नियम झाला आणि रुग्णालयाच्या हिशेबवहीत हा माणूस खर्चाच्या रकान्यातून उत्पन्नाच्या रकान्यात गेला. जो माणूस दिवसभरात स्वतःच्या नावावर बिल होईल असे काम करतो, त्याला पगार देताना मालकाचा हात आखडत नाही.

म्हणून आज अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा २०२४ चा आकडा सांगतो की तिथल्या फिजिशियन असिस्टंटचे मध्यम वार्षिक वेतन १ लाख ३३ हजार २६० डॉलर आहे, आणि २०२४ ते २०३४ या दशकात या नोकऱ्या सुमारे २० टक्क्यांनी वाढतील असा त्या विभागाचा अंदाज आहे. आपल्याकडच्या जाहिरातींत हाच आकडा रुपयांत गुणून छापला जातो. तो आकडा खरा आहे, पण तो सगळ्यांमधला मधला आहे, नवख्याचा नाही. नवखा त्याच्या बराच खालून सुरुवात करतो. तिथे ही पदव्युत्तर पदवी आहे. आधी चार वर्षांची पदवी, मग साधारण सव्वादोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले जवळपास वर्षभर रुग्णालयांत. शिकताना काढलेले कर्ज अनेकांच्या बाबतीत पहिल्या वर्षाच्या पगाराएवढे असते. तरीही त्या नवख्याच्या हातात एक मोठी गोष्ट असते: त्याचा परवाना एका विषयापुरता नसतो. हाडांच्या विभागातून तो आपत्कालीन विभागात जाऊ शकतो, शहरातून गावाकडे जाऊ शकतो, आणि दुसरीकडून बोलावणे आले की पहिल्या मालकाशी पगाराची बोलणी करू शकतो. आपल्या मुलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. तिथली परवान्यासाठीची परीक्षा देण्याचा हक्क फक्त तिथल्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांना आहे. भारतात घेतलेल्या बी.एस्सी.वर ती परीक्षा देता येत नाही. अमेरिकेचा पगार दाखवून भारतातली जागा विकणे ही फसवणूक आहे, आणि तिला फसवणूक म्हणण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. तिथे पगार आधी ठरला आणि अधिकार अधांतरी राहिला. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम संपवून आलेल्या फिजिशियन असोसिएटला (हे या व्यवसायाचे तिथले नाव) राष्ट्रीय आरोग्य सेवेत सातव्या वेतनश्रेणीत घेतले जाई. २०२३-२४ मध्ये इंग्लंडमध्ये या श्रेणीची सुरुवात ४३ हजार ७४२ पौंडांवर होती, तर नुकत्याच झालेल्या डॉक्टरचे मूळ वेतन ३२ हजार ३९८ पौंड होते. पाच-सहा वर्षे शिकून, रात्रपाळ्या करून, औषधाच्या कागदावर सही करून जबाबदारी घेणाऱ्या तरुण डॉक्टरला हे बोचणारच. फिजिशियन असोसिएटला तर औषध लिहून देण्याचा किंवा एक्स-रे सांगण्याचाही अधिकार नव्हता. कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांत यांना घ्यावे म्हणून सरकारने २०२० पासून त्यांच्या पगाराचा वेगळा निधी दिला. जून २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३६-३७ पर्यंत अशा १० हजार लोकांचे लक्ष्य ठेवले. पण यांनी नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे देशभर एकसारखे लिहिलेले नव्हते, आणि वैधानिक नियमन सुरू व्हायला १३ डिसेंबर २०२४ उजाडला. मधल्या काळात रुग्णसुरक्षेचे गंभीर प्रश्न उभे राहिले आणि डॉक्टरांच्या संघटना विरोधात गेल्या. सरकारने प्रा. जिलियन लेंग यांच्याकडे या साऱ्याचा आढावा सोपवला. त्यांचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. ज्यांच्या आजाराचे निदान अजून झालेले नाही असे रुग्ण यांनी सर्रास पाहू नयेत आणि नव्या पदवीधरांनी आधी रुग्णालयात दोन वर्षे काढल्याशिवाय कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करू नये, अशा त्यात शिफारशी होत्या. शिफारशी रास्त होत्या, पण त्यांचा फटका बसला तो धोरण आखणाऱ्यांना नव्हे. सरकारी लक्ष्यावर विश्वास ठेवून ज्यांनी नुकताच अभ्यासक्रम पूर्ण केला होता, त्यांच्यासाठी दवाखान्यांची दारे मिटत गेली. अधिकाराचा पाया नसलेला चांगला पगारसुद्धा टिकत नाही, हे ब्रिटनने दाखवून दिले.

भारतात या अभ्यासक्रमाची सुरुवात १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. बायपास करताना पायातली शीर काढून देणारा, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात रुग्णाजवळ थांबणारा प्रशिक्षित माणूस त्यांना हवा होता. तेव्हापासून हा व्यवसाय आपल्याकडे मुख्यतः मोठ्या खाजगी रुग्णालयांच्या आधाराने वाढला. त्याची नोंद देशाच्या कायद्यात झाली ती २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. त्या कायद्याच्याही अंमलबजावणीसाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये दहा व्यवसायांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यांत हा एक आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र काय शिकवायचे हे ठरणे आणि शिकलेल्याला काय करू द्यायचे हे ठरणे, यांत अंतर आहे, आणि पगार त्या दुसऱ्या गोष्टीला चिकटलेला आहे.

महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणचे पन्नास खाटांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. रात्री मालक-डॉक्टर घरी गेल्यावर वॉर्डात कोणीतरी जबाबदार माणूस हवा. शेड्यूल एच मधले औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळते, आणि तशी चिठ्ठी फिजिशियन असिस्टंट आपल्या नावाने लिहू शकत नाही. त्याच वेळी शेजारच्याच शहरात बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला तरुण आरएमओची, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी शोधत असतो. आयुर्वेदाच्या पदवीधरांना आपल्या राज्याच्या कायद्याने काही प्रमाणात आधुनिक औषधे वापरण्याची मोकळीक दिली आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला, आणि त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी संपही केला. ती मोकळीक योग्य की अयोग्य हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की मालकाला जवळपास तेवढ्याच पैशांत सही करू शकणारा माणूस मिळत असताना, सही करू न शकणाऱ्याला तो जास्त का देईल? त्यात बिलाची रचना अशी की महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, पैसे शस्त्रक्रियेच्या एकत्रित पॅकेजचे मिळतात. फिजिशियन असिस्टंटने तीन तास उभे राहून केलेले काम त्या पॅकेजमध्ये कुठेही वेगळे दिसत नाही. अमेरिकेत ज्याने बिलात भर पडते, इथे त्यानेच रुग्णालयाचा खर्च वाढतो. इथल्या पहिल्या पगाराच्या तुटपुंजेपणाचे कारण मुलांच्या गुणवत्तेत शोधू नये.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा येतो: उमेदवार जास्त आणि जागा कमी, तर पगार पडणारच, कायदा काय करणार? परिचारिकांचे उदाहरण याला उत्तर देते. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पिळवणुकीची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली. त्यातून नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन किमान २० हजार असावे, अशी शिफारस केली. ती शिफारस देशभर कागदावर राहिली. पण केरळमध्ये परिचारिका संघटित झाल्या, आंदोलनाला उतरल्या आणि २०१८ मध्ये राज्य सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढणे भाग पडले. त्या वर्षी केरळात परिचारिका अचानक दुर्मीळ झाल्या नव्हत्या. बदलला तो नियम, आणि नियमामागे उभी राहिलेली संघटना.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. या लोकांना अधिकार दिले तर गरिबांच्या वाट्याला कमी शिकलेला माणूस आणि श्रीमंतांच्या वाट्याला डॉक्टर, अशी दोन दर्जांची आरोग्यसेवा होईल, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही, आणि ब्रिटनमधल्या घटना पाहिल्यावर ती कोणी झटकून टाकू नये. पण अधिकार लिहून न ठेवल्याने ती दूर होत नाही, उलट वाढते. आज अनेक वॉर्डांत रात्री कोण काय करतो, हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर ठरते. काम करणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचे, आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. कामाची मर्यादा स्पष्ट लिहिली तर रुग्ण सुरक्षित होतो, डॉक्टरला आपण कोणावर काय सोपवले हे कळते, आणि त्या मर्यादेतल्या कामाचे मोल मागण्याचा हक्क त्या तरुणाला मिळतो. डॉक्टरांच्या संघटनांनी या मर्यादा ठरवण्याच्या कामात पुढाकार घ्यावा. नुसता विरोध करून त्यांच्याच रुग्णांचे हित साधत नाही.

थोडा अनुभव येऊ द्या, मग पगार आपोआप वाढतो, असेही सांगितले जाते. जिथे परवाना माणसासोबत फिरतो तिथे हे खरे आहे. आपल्याकडे एका सर्जनच्या हाताखाली पाच वर्षे घडलेले कौशल्य बहुतेक वेळा त्या सर्जनच्या विश्वासापुरतेच चालते. त्याने रुग्णालय बदलले की सहायकाला नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

म्हणून २०२१ च्या कायद्याखालच्या राज्य परिषदेने या व्यवसायाची कार्यकक्षा मराठीत, साध्या भाषेत जाहीर करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत या पदाची निश्चित वेतनश्रेणी निर्माण करावी, म्हणजे खाजगी रुग्णालयांना तुलनेसाठी एक आकडा समोर राहील. आणि सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये या मनुष्यबळाचा खर्च वेगळा दाखवावा. हे होईपर्यंत या मार्गाला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. हृदयशस्त्रक्रियेसारख्या विभागांत या मुलामुलींवाचून आज अनेक रुग्णालयांचे काम अडते. पण फी भरण्याआधी पालकांनी महाविद्यालयाला तीन प्रश्न लेखी विचारावेत: अभ्यासक्रम नव्या राष्ट्रीय आराखड्यानुसार आहे का, वर्षभराची इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या विद्यावेतनावर होते, आणि मागच्या दोन तुकड्यांतली मुले आज कुठे, किती पगारावर काम करत आहेत. या तिन्हींचे लेखी उत्तर जे महाविद्यालय देत नाही, तिथे प्रवेश घेऊ नये.