युक्तिवादाचे वर्म
(पाचाड येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बुद्धिमत्ता चाचणीची तयारी आपण सर्वच करून घेतो. हीच मुले पुढे स्पर्धा परीक्षांस बसू लागली म्हणजे त्यांच्यापुढे तर्कशक्तीचा एक कठीण प्रश्न येतो : ‘पुढीलपैकी कोणते विधान वरील युक्तिवाद दुर्बल करते?’ या प्रश्नापाशी चांगली हुशार मुलेही अडखळतात. त्याची पूर्वतयारी प्राथमिक शाळेतच कशी करता येईल, एवढाच आजचा विषय आहे.

प्रत्येक युक्तिवादाचे दोन भाग असतात : एक कारण व दुसरा निष्कर्ष. या दोहोंना जोडणारे एक गृहीत असते. ते मात्र बोलणारा बहुधा उच्चारीत नाही. तेच युक्तिवादाचे वर्म होय. ते गृहीत ज्या विधानाने डळमळते, ते विधान आपले उत्तर.

आपल्या भातशेतीतील एक उदाहरण घेऊ. ‘एका शेतकऱ्याने यंदा नवे बियाणे पेरले. गतवर्षीपेक्षा भात अधिक पिकले. म्हणून ही वाढ नव्या बियाण्यामुळे झाली.’ आता चार पर्याय पाहा :

(१) नवे बियाणे महाग आहे.
(२) शेजारच्या शेतात जुनेच बियाणे होते. तेथेही भात तितकेच वाढले.
(३) ते बियाणे महाडच्या बाजारातून आणले होते.
(४) पुढील वर्षी पुष्कळ शेतकरी तेच बियाणे घेणार आहेत.

पुष्कळ मुले पहिला पर्याय निवडतील, कारण तो बियाण्याच्या विरुद्ध जातो. परंतु तो युक्तिवादाच्या विरुद्ध जात नाही. बियाणे महाग असूनही पीक त्यानेच वाढलेले असू शकेल. तिसरा पर्याय गैरलागू आहे. चौथ्यावरून लोकांचा विश्वास दिसतो, वाढीचे कारण नव्हे. ‘यंदा दुसरे काही बदलले नाही’ हे जे न बोललेले गृहीत, त्यालाच दुसरा पर्याय धक्का देतो. कदाचित पाऊसच चांगला झाला असेल. येथे निष्कर्ष सर्वस्वी खोटा ठरला असे नव्हे. तो दुबळा झाला, आणि प्रश्नात तेवढेच विचारले आहे. तसेच, दिलेला पर्याय खरा मानूनच चालावयाचे, ‘हे कशावरून?’ असा वाद त्याच्याशी घालावयाचा नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

ही केवळ परीक्षेची युक्ती आहे असे कोणी समजू नये. आपल्याच तालुक्याच्या गावी, महाडास, याची मोठी कसोटी लागली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे, म्हणून तो आमचा हक्कच होय, असा वादींच्या म्हणण्याचा आशय होता. ‘ते आजवर आले नाहीत’ आणि ‘त्यांना येऊ न देण्याचा आम्हांस हक्क आहे’ या दोन विधानांतील अंतर पाहा. कोणी आले नाही एवढ्यावरून अडविण्याचा हक्क सिद्ध होत नाही. रूढीचे प्राचीनत्व सिद्ध झालेले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. एका गृहीताची परीक्षा होण्यास दहा वर्षे लागली, आणि त्यावर माणसांचे पाणी अवलंबून होते!

तेव्हा वर्गात काय करावे? आठवड्यातून एकदा फळ्यावर एक लहान युक्तिवाद लिहावा. मुलांना क्रमाने तीन प्रश्न विचारावेत : काय सिद्ध करावयाचे आहे? कशाच्या आधारे? मध्ये काय न बोलता मानले आहे? पर्याय त्यानंतरच दाखवावेत. उत्तराचा क्रमांक सांगून पुढे जाऊ नये. उरलेले तीन पर्याय का नव्हेत, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

आणखी एक विनंती. ‘गुरुजी, हे पटत नाही,’ असे एखाद्या वाडीवरची मुलगी उभी राहून म्हणाली, तर तिला खाली बसवू नका. ‘का पटत नाही ते सांग, बाळ,’ असे म्हणा. गुरुजींच्या विधानातील उणीव दाखविण्याची ज्यांना भीती वाटते, त्या मुलांना छापील प्रश्नातील उणीव दिसणे कठीण आहे. पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गात वापरलेला एक युक्तिवाद व मुलांनी दिलेली उत्तरे लिहून आणावीत, म्हणजे त्यांवर आपणांस एकत्र विचार करता येईल.