हयातीचा दाखला

वडोदऱ्याच्या हरणी भागात माझ्या परिचयाचे एक वृद्ध मराठी दांपत्य राहते. मुलगा परदेशी आहे. पैसा वेळेवर येतो, फोनही येतो. परंतु नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनासाठी आजोबांना आपल्या हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र काही ओळखीत नाही.

ही एका घराची गोष्ट नव्हे. फ्रान्समध्ये पासष्टी गाठलेल्यांचे प्रमाण शेकडा ७ वरून १४ होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. जपानात ते पंचवीसएक वर्षांत घडले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेतच साठीपुढील लोक दहा कोटींवर होते. गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा मात्र, ऐंशीच्या आतील व्यक्तीस, २००७ पासून दरमहा २०० रुपयेच आहे. एवढ्यात औषध तरी येते काय?

ती रक्कम वाढविणे सरकारच्या हाती आहे. दाखल्याचे तसे नाही. २०२१ पासून तो मोबाइलपुढे चेहरा धरूनही काढता येतो. आजोबांना हे सांगणार कोण? अखेर आमच्या आठवीतल्या एका विद्यार्थ्याने ते काम दहा मिनिटांत केले. मग आजींनी चहा टाकला, आणि मुलगा दिवेलागणीपर्यंत तेथेच रमला. शाळांनी आठवड्यातील एक तास अशा कामास का देऊ नये? आमच्या वर्गाने तर शेजारच्या वृद्धांची यादी करावयास घेतली आहे.