एकटीचं गाणं



आज मी सँडी डेनी या इंग्रज गायिकेबद्दल बोलणार आहे. गाणी ती स्वतः लिहायची, चाली स्वतः बांधायची आणि स्वतःच गायची. १९४७ साली लंडनमध्ये जन्मली आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेली. स्वतःच्या नावावर चार अल्बम. पण तिला ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर त्या चारांपैकी एकाचंही नाव मी आधी घेणार नाही. बीबीसी रेडिओसाठी तिने एकटीने, कधी गिटार घेऊन तर कधी पियानोवर बसून जी गाणी म्हटली, ती आधी ऐका, असं सांगेन. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांतली ही ध्वनिमुद्रणं आहेत. तिचा गळा काय होता, हे जितकं तिथे कळतं तितकं दुसरीकडे कुठेही कळत नाही.

मुळात अशी ध्वनिमुद्रणं झालीच का, हे थोडक्यात सांगतो. त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओवर दिवसाकाठी किती तास रेकॉर्डी वाजवायच्या, यावर बंधन होतं. रेडिओ सारखा रेकॉर्डीच वाजवत बसला तर वादकांनी पोट कसं भरायचं, असं त्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. हे बंधन १९८८ पर्यंत टिकलं. १९६७ च्या सप्टेंबरअखेर बीबीसीने तरुणांसाठी रेडिओ वन सुरू केला, तेव्हा दिवसभराचे कार्यक्रम भरायचे होते आणि रेकॉर्डी मोजूनमापून वाजवायच्या होत्या. मग गायकांना, बँडना बीबीसीच्या स्टुडिओत बोलावून गाणी खास प्रसारणासाठी मुद्रित करून घ्यायची, हा मार्ग निघाला. जॉन पील या निवेदकाच्या कार्यक्रमामुळे या मुद्रणांना पुढे मोठं नाव मिळालं. कामाची रीत साधी होती. स्टुडिओत यायचं, माइक लावून घ्यायचे, तीन-चार गाणी म्हणायची आणि त्याच दिवशी काम उरकून घरी जायचं. अल्बमचं काम महिनोन् महिने चालतं. आज गळा, उद्या ढोल, परवा व्हायोलिनं, असे थरावर थर चढतात. रेडिओवर तेवढी सवड नसायची. गाणं जसं गळ्यातून आलं तसंच टेपवर उतरायचं.

सँडीला ही रीत नवी नव्हती. लंडनच्या सोहो भागात ग्रीक स्ट्रीटवर ‘ले कझिन्स’ नावाचा तळघरातला क्लब होता. १९६० च्या दशकात लोकगीतं गाणारी सगळी तरुण मंडळी तिथे जमत, आणि सँडीही त्यांतलीच. समोर हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते, हातात एक गिटार आणि जुन्या इंग्रजी, स्कॉटिश, आयरिश कथागीतांचा साठा. आपल्याकडे ज्याला बैठकीचं गाणं म्हणतात, त्याच जातीचा हा मामला. १९६८ मध्ये ती ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमध्ये गेली. शेकडो वर्षांची कथागीतं विजेच्या गिटारींवर आणि ड्रमच्या ठेक्यावर गाण्याचा जो प्रयोग त्यांनी १९६९ च्या ‘लीज अँड लीफ’ या अल्बमवर केला, त्याने इंग्रजी लोकसंगीताला नवं वळण दिलं. तिथे तिचा आवाज ड्रम आणि गिटारींच्या गदारोळातून तीरासारखा वर येतो. तेही ऐकण्यासारखं आहे. पण त्यात तिच्या गळ्याचा एकच भाग कामाला लागतो.

१९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका ठरवलं. १९७१ मध्ये लेड झेपलिन या गाजलेल्या रॉक बँडने एका गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट याच्याबरोबर गायला तिला बोलावलं. त्यांच्या कुठल्याही अल्बमवर बाहेरून येऊन गायलेली ती एकटीच. एवढा मान मिळाला, पण तिच्या स्वतःच्या रेकॉर्डी काही खपल्या नाहीत. पुढच्या प्रत्येक अल्बमवर साज वाढत गेला. १९७२ च्या ‘सँडी’ अल्बमवर एका गाण्याला न्यू ऑर्लिअन्सच्या ॲलन टूसाँ या संगीतकाराची ब्रास वाद्यं आहेत, तर काहींना हॅरी रॉबिन्सनने बांधलेला व्हायोलिन-चेलोंचा मोठा ताफा.

हॅरी रॉबिन्सन मोठ्या ताकदीचा संयोजक होता, हे मान्यच आहे. आणि हा साज सँडीवर कुणी लादला, असंही समजायचं कारण नाही. १९३०-४० च्या काळातली नाचघरातली गाणी तिला मनापासून आवडत. त्यांतली दोन तिने आपल्या तिसऱ्या अल्बमवर म्हटलीही आहेत. त्या अल्बमचं शीर्षकगीत ‘लाइक ॲन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ’ हे तर नाचघराचंच स्वप्न आहे. तिथे व्हायोलिनं शोभतात, त्या गाण्याचं ते अंगच आहे. माझं दुखणं ‘द लेडी’सारख्या गाण्यांबद्दल आहे.

‘द लेडी’ हे एका गाणाऱ्या बाईबद्दलचं छोटं गाणं आहे. ‘सँडी’ अल्बमवर ते ऐकताना तिच्या ओळीमागून वाद्यांची लाट उठते आणि आपलं लक्ष त्या लाटेकडे जातं. तेच गाणं बीबीसीच्या मुद्रणात ऐका. नुसता पियानो. डावा हात खालचे सूर सावकाश धरून ठेवतो आणि उजवा हात मोजक्या जागा भरतो. या पार्श्वभूमीवर तिचा गळा काय करतो, ते प्रथमच स्वच्छ दिसतं. ती ओळ ठेक्यावर टाकत नाही, किंचित मागे ठेवते. शब्द जिथे पडेल असं आपल्याला वाटतं, त्याच्या जरासा नंतर पडतो. सुरावर थेट जाऊन बसायचं तिच्या स्वभावात नाही. खालच्या किंवा वरच्या सुराचा एक बारीक कण घेऊन ती तिथे पोचते. ओळीच्या शेवटी तर कित्येकदा इतकी छोटी मुरकी येते की ती लक्षात येईपर्यंत संपलेली असते. आयरिश, स्कॉटिश गाणाऱ्यांची ही जुनी चाल. सँडीने ती स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांत आणली. अल्बमवरही ती हेच करते, पण वीस व्हायोलिनं एकाच वेळी सूर लांबवत असली की ही मुरकी ऐकणार कोण? ज्यांनी नुसत्या तंबोऱ्यावर एखाद्या गवयाची आलापी ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट आवाजाच्या लहानमोठेपणाची. सँडी अगदी कुजबुजीइतक्या हळू आवाजात सुरुवात करू शकते आणि दोन ओळींत पूर्ण मोकळा, भरदार आवाज लावू शकते. मधला चढ तिला वेगळा दाखवावा लागत नाही. बँडबरोबर गाताना हळू गाणं परवडत नाही, कारण ते बुडून जातं. एकटीने गाताना तिला खाली कितीही जाता येतं, म्हणून वर गेल्याची उंची कळते. गिटार ती काही फार मोठी वाजवत नाही, साधी साथ धरते. ती साथ तिच्या श्वासाबरोबर थांबते आणि त्याच्याबरोबरच पुढे सरकते. दुसरा कितीही तयारीचा वादक असता तरी त्याला तिची वाट पाहावी लागली असती.

१९७२ मध्ये लंडनच्या लोअर रीजंट स्ट्रीटवरच्या पॅरिस थिएटरमध्ये तिने बीबीसीच्या ‘इन कॉन्सर्ट’ कार्यक्रमासाठी गायलं. मुळात हे जमिनीखालचं एक छोटं सिनेमागृह. बीबीसीने ते प्रेक्षकांसमोरच्या ध्वनिमुद्रणासाठी घेतलेलं. त्या कार्यक्रमात तिने म्हटलेलं ‘ब्रूटन टाउन’ तिच्या चार अल्बमपैकी एकावरही नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट भागातलं हे जुनं कथागीत. श्रीमंत घरातल्या मुलीचा घरच्या नोकरावर जीव जडतो. भावांना हे कळतं. ते त्याला शिकारीला म्हणून नेतात, मारतात आणि झुडपांत टाकून देतात. रात्री तो रक्ताने माखलेला तिच्या स्वप्नात येतो. सकाळी ती उठते, रानात जाते आणि त्याला शोधून काढते. पुढे ती त्याच्याजवळ बसून राहते आणि शेवटी भूक तिला घरी परतायला लावते. कथागीतांत असा शेवट क्वचितच सापडतो. जीव देणं नाही, शाप नाही, पोटातली भूक आणि घरचा रस्ता. सँडी हे सगळं एकाच गतीने सांगते. खुनाच्या कडव्यात आवाज चढवत नाही, स्वप्नाच्या कडव्यात कापरा करत नाही. जात्यावर बसलेली बाई ओवीत घरातलं दुःख ज्या सरळपणे सांगते, तो सरळपणा तिच्याकडे आहे. म्हणूनच शेवटच्या कडव्यात आपला घसा दाटून येतो.

१९७३ मध्ये जॉन पीलसाठी केलेल्या मुद्रणात ‘सोलो’ आणि ‘लाइक ॲन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ’ही आहेत. ज्या अल्बमवर ही गाणी यायची होती, तो लांबणीवर पडून १९७४ च्या जूनमध्ये निघाला. म्हणजे रेडिओच्या श्रोत्यांनी ती आधी उघडी ऐकली आणि सजलेली नंतर. त्याच मुद्रणात ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ही आहे. ऋतू पालटताना उडून जाणारे पक्षी पाहत बसलेल्या माणसाचं हे गाणं सँडीने विशीच्या आसपास लिहिलं. अमेरिकेत जूडी कॉलिन्स या गायिकेने १९६८ मध्येच ते गाजवलं होतं आणि वर्षभराने सँडीने फेअरपोर्टबरोबर ते मुद्रित केलं. १९७३ मध्ये ती सव्वीस वर्षांची होती. रेडिओवर एकटीने म्हणताना ती त्याला जराही घाई करत नाही. बँडबरोबरचं मुद्रण उत्तमच आहे, फेअरपोर्टच्या रिचर्ड थॉम्पसनची गिटार त्यात फार सुंदर वाजते. तरीही निवड करायची वेळ आली तर मी रेडिओवरचं घेईन.

आता हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कसं, तेही सांगायला हवं, कारण ते पोचलं नसतं तरी नवल नव्हतं. टेप महाग होती, जागा कमी होती. एकदा प्रसारण झालं की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची, हा बीबीसीचा शिरस्ता होता. काही कार्यक्रम वाचले, कारण परदेशातल्या केंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसीचा एक विभाग त्यांच्या तबकड्या काढत असे. आणि काही वाचले ते श्रोत्यांमुळे. घरच्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या माणसांनी ते उतरवून घेतले. आपल्याकडेही आकाशवाणीच्या संगीत सभा अशाच उतरवून घेणारे रसिक घरोघर होते, आणि त्यांच्या कॅसेटींवर कितीतरी गाणं टिकलं. अशी टेप ऐकताना खरखर येते, मध्येच आवाज बसतो. पण मूळ टेप पुसली गेल्यावर ती खरखरच आपली ठेव होते.

१९९७ मध्ये या मुद्रणांची एक सीडी निघाली आणि हक्कांच्या भानगडीत प्रकाशनाच्या दिवशीच मागे घ्यावी लागली. ज्यांच्या हातात तेवढ्यात ती पडली, त्यांच्याकडून इतरांनी ती मागून ऐकली. अखेर २००७ मध्ये ‘लाइव्ह ॲट द बीबीसी’ या नावाने तीन सीडी आणि एक डीव्हीडी असा संच आला. श्रोत्यांनी घरी उतरवलेली काही गाणीही त्यात घेतली आहेत. त्यात अगदी सुरुवातीचीही मुद्रणं आहेत. १९६६ मध्ये, अजून कुठल्याही बँडमध्ये नसलेल्या, एकोणीस वर्षांच्या सँडीने लोकगीतांच्या एका कार्यक्रमासाठी म्हटलेली पारंपरिक गाणी त्यात सापडतात. तेव्हाचा आवाज पातळ आहे, नितळ आहे, पण ओळ मागे ठेवण्याची खोड अजून लागलेली नाही. ती पुढच्या पाच वर्षांत आली.

तुम्ही ऐकायला बसलात तर ‘ब्रूटन टाउन’पासून सुरुवात करा, मग ‘द लेडी’. त्यानंतर ‘द लेडी’चं अल्बमवरचं मुद्रण काढा आणि लागोपाठ ऐका. मी म्हणतो ते तुम्हाला पटेलच असं नाही. माझ्या परिचयाच्या काही जाणत्या श्रोत्यांना व्हायोलिनंच प्रिय आहेत, आणि त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे. पण दुसऱ्यांदा अल्बम ऐकताना वाद्यांच्या लाटेखाली ती मुरकी तुम्हाला ऐकू येऊ लागेल, आणि मग त्या अल्बमकडेही तुम्ही नव्याने वळाल. माझ्या बाबतीत तेच झालं.