खिशातला फोन, बंद पुस्तक
(अभ्यासवर्गातील भाषण)



सगळ्यांनी आपापला फोन बाहेर काढा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी शोधा. बहुतेकांना त्यात टॉकबॅक सापडेल. ते चालू करा आणि डोळे मिटा. आता काचेवर बोट फिरवा. बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवील. उघडायचं तर दोनदा टिचकी. पान सरकवायचं तर दोन बोटं. पाच मिनिटांत घाम फुटेल तुम्हाला. अंध पोरंपोरी अख्खं कॉलेज याच्यावर काढतात, आणि आवाजाचा वेग असा ठेवतात की आपल्या कानाला नुसती खडखड वाटावी.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. फोनचे पैसे मोजलेत, त्यात हिचेही आले. टॉकबॅक २००९ साली आलं, आयफोनमधलं व्हॉइसओव्हरही त्याच साली. त्याआधी कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं होती, पण किंमत हजारोंत. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतलं आणि ते फुकट दिलं. सवाल साधा होता: डोळस माणूस पडदा बघायचे वेगळे पैसे देत नाही, मग अंधानं ऐकायचे का द्यावेत? पण वस्तीतल्या खोलीत कॉम्प्युटर कुठनं येणार? फोन मात्र आला. म्हणून ही गोष्ट मोठी आहे.

एकट्या अंधांचीच नाही. ज्या पोराला छापील अक्षर लागत नाही, ज्याला मास्तर 'ढ' म्हणून मागच्या बाकावर ढकलतात, त्याला फोननं धडा वाचून दाखवला की धडा कळतो. डोकं शाबूतच होतं. ज्याचा हात लिहू देत नाही त्याला बोलून टाइप करता येतं. गूगलनं मराठीत ही सोय २०१७ मध्ये दिली. ऐकू न येणाऱ्या मुलीला लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवतं. वर्गात गलका असला, सर फळ्याकडे तोंड करून बोलले, की ते चुकतं. आणि जिची भाषा खुणांची आहे तिला दुभाषाच पाहिजे. यंत्र दाखवून माणूस कापायचा डाव कुणी टाकला तर तिथंच अडवा.

मग घोडं अडतं कुठं? आपण पोराच्या हातात जो कागद ठेवतो तिथं!

नोट्सचे फोटो काढून पीडीएफ केली जाते. फोनच्या लेखी ते चित्र. त्यात अक्षरच नाही, तर वाचणार काय? दुसरा रोग जुन्या फॉण्टचा. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो. फोन तो कचराच वाचतो. परीक्षा सोपी आहे. शब्दावर बोट दाबून धरा. निवडला गेला नाही तर ते चित्र. निवडला गेला, तर कॉपी करून मेसेजमध्ये टाका. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, कचरा उमटला तर पुस्तक बंद.

'प्रकाशकाची परवानगी नाही' ही सबब ऐकू नका. कॉपीराइट कायदा २०१२ मध्ये दुरुस्त झाला. नफा न घेता, अपंग वाचकाला वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणायला कायद्यानं मोकळीक आहे. मराकेश कराराला जगात पहिली मान्यता भारतानं दिली, २०१४ मध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं की ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य साधनं मोफत द्या. म्हणजे कॉलेज जिथं सुरू होतं तिथंच हे मोफत संपतं! चार जणांत एक फोन असलेल्या घरात सतरा वर्षांचं पोर अठराचं झालं की श्रीमंत होतं काय?

आणि परीक्षा. वर्षभर पोर कानानं वाचतं, स्वतः टाइप करतं. त्या दिवशी फोन बाहेर. कॉपी होते म्हणता? ठीक. मग देता काय? लेखनिक. तो ऐन वेळी आला नाही की वर्ष गेलं. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ होता, आणि शक्य तिथं ब्रेल, कॉम्प्युटर, मोठा टाइप किंवा रेकॉर्ड केलेलं उत्तर यांतून निवड द्या असंही होतं. नेट तोडलेला, पडदा वाचणारा एक कॉम्प्युटर परीक्षागृहात ठेवायला कॉलेजचं काय दिवाळं निघतं?

तेव्हा कामाला लागा. आपापल्या वर्गात ज्याला गरज आहे त्याला आधी विचारा, तुला काय हवंय. परस्पर ठरवू नका. या महिन्यात एका विषयाच्या नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा. आकृती असेल तर तिचं वर्णन दोन ओळींत लिहा. पत्रकाचं चित्र पाठवाल तेव्हा खाली मजकूरही टाका. आणि परीक्षेतल्या कॉम्प्युटरची मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी मागणी कॉलेजच्या ऑफिसात कुणालाच ऐकू येत नाही.