"वय झालं" की अपंगत्व आलं?

आजचा विषय घरातला आहे. तुमच्या घरी आजी किंवा आजोबा असतील आणि त्यांना नीट चालता येत नसेल, तर हा भाग शेवटपर्यंत ऐका. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, सरकारी खात्यातला नाही. पण घरातल्या दोन म्हाताऱ्या बायकांचे कागद करताना जे वाचलं, पाहिलं, ते सांगतो.

एक माझी आजी, सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वय ७८. तिच्या अंगावरून वारं गेलं, त्यातून उठली, पण डावा पाय ओढतच चालते. कानांनीही कमी ऐकू येतं. दुसरी तिची धाकटी बहीण, सांगली जिल्ह्यात, जतच्या पूर्व भागात, पार कर्नाटकच्या हद्दीजवळ. तिला आम्ही जतची आजी म्हणतो. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून वॉकरवर आहे.

दोघींबद्दल सगळे एकच बोलतात, "वय झालं आता." आजी स्वतः म्हणते, "माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, मला कशाला सर्टिफिकेट?" एका ऑफिसात खिडकीपलीकडच्या साहेबांनीही हेच ऐकवलं, म्हातारपणी असं होतंच.

होतंच ना. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि साठीनंतर आलेलं धरायचं नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. हे सगळीकडे असंच असतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये पेन्शनच्या वयानंतर पहिल्यांदा अपंगत्व आलं तर जो भत्ता मिळतो, त्यात फिरण्यासाठीचा भागच नसतो. आपल्याकडे कायदा अडवत नाही. आपणच "वय झालं" म्हणून अर्ज करत नाही.

आता पैशांचं बघू. जतच्या आजीला श्रावणबाळ योजनेचा पगार येतो. (गावाकडे पेन्शनला पगारच म्हणतात.) ही योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये, सगळ्या घराचे मिळून! ६५ च्या आतल्या दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेत हीच मर्यादा ५०,००० आहे. हे गणित कुणी मांडलंय देव जाणे. असो. महिन्याला मिळतात १,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांना १,५०० ऐवजी २,५०० द्यायचे. जतची आजी घरातल्या घरात चार पावलं टाकते तीही वॉकर धरून, पण कागदावर ती फक्त म्हातारी आहे, दिव्यांग नाही. एका सर्टिफिकेटसाठी महिन्याला हजार रुपये अडलेत.

सर्टिफिकेटचा आकडा आहे ४० टक्के. आमच्या भाषेत सांगायचं तर साधी इफ कंडिशन. ३९ आला की बहुतेक दारं बंद, ४० आला की उघडी. आणि इथं एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती, गाइडलाइन्स वाचताना सापडली. एकापेक्षा जास्त अपंगत्वं असतील तर ती एकत्र मोजतात. साधी बेरीज करत नाहीत, फॉर्म्युला आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं.

आजीचा पाय ३० टक्के निघाला. नुसत्या पायावर ती बाहेरच पडली असती. पण कानही तपासून घेतले, ते २० टक्के. २० गुणिले ६०, भागिले ९०, म्हणजे १३.३. अधिक ३०. झाले ४३! म्हातारपणी हेच तर होतं. पाय थोडा, कान थोडा, डोळा थोडा. एकेकटं काहीच पुरेसं नसतं. त्यामुळे नेताना फक्त "गुडघा दुखतो" म्हणून नेऊ नका.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फोनवरूनच होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, हॉस्पिटल निवडायचं, फी नाही. तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे, आजोबांना ते जन्मात जमणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. तपासणीला माणूस समक्ष लागतो. साताऱ्याचं सिव्हिल आम्हाला जवळ, तरी गाडी करून न्यावं लागलं. जतच्या पूर्व भागातून सांगली शंभर किलोमीटरच्या वर. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही, चांगलीच गोष्ट आहे, पण पहिली पायरी चढता आली पाहिजे ना! वडापमध्ये तर वॉकर ठेवायलाच जागा नसते. चालता येत नाही हे सिद्ध करायला एवढं लांब जायचं.

आणि घरी येणं सरकारला जमत नाही असं नाही. ७ मे २०२४ ला सातारा आणि सांगलीत लोकसभेचं मतदान झालं. त्या निवडणुकीत ८५ च्या पुढचे आणि ४० टक्क्यांवरचे दिव्यांग यांना घरून मत देण्याची सोय होती. मतपत्रिका आणि कर्मचारी घरी. मग वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी डॉक्टरांचा बोर्ड का बसू नये? ही मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवता येते, आणि ठराव मराठीत टाइप करायला तुमच्यासारखं कुणीतरी लागतंच.

तोवर एक सोपी वाट आहे, तिला सर्टिफिकेट लागत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजना, फेब्रुवारी २०२४ ची. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, तर एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, चष्मा, यासाठी. व्हीलचेअरही यादीत आहे, पण बरी व्हीलचेअर तेवढ्यात येत नाही. माझं मत विचाराल तर कमोड खुर्ची घ्या. म्हातारी माणसं रात्री उंबरा ओलांडताना आणि मोरीत पडतात. खरेदीचं बिल ३० दिवसांत जमा करायचं असतं, ते हरवू नका.

आमच्या आजीला पगार नाही, कारण माझे बाबा नोकरीत आहेत. पण जुन्या करप्रणालीत दिव्यांग आईसाठी बाबांना ७५,००० ची वजावट मिळते, आणि पुढच्या वेळी घरून मतदानासाठी तिला ८५ ची वाट बघायला नको.

जतच्या आजीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, सांगलीला. गाडी ठरवलीय. आदल्या रात्री मिरजेत पाहुण्यांकडे मुक्काम करायचा, म्हणजे सकाळी घाई नको. सोबत डबा, पाणी, जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, आधार. आणि डोळ्याला कमी दिसतं हे ती सांगणार नाही, ते मी सांगणार.