एर्ट्‌सबर्गचा काळा डोंगर

१९३६ साली न्यू गिनी बेटाच्या हिमशिखरांवर चढाई करण्यासाठी तीन डच गृहस्थ निघाले. त्यांतील झां जाक डोझी हा भूवैज्ञानिक. उंचावरील एका कुरणात त्याला प्रचंड काळा खडक दिसला. त्यावरचे हिरवे-निळे डाग तांब्याची साक्ष देत होते. त्याने त्याला ‘एर्ट्‌सबर्ग’, म्हणजे धातुकाचा डोंगर, असे नाव दिले. १९३९ साली लायडन येथे अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे महायुद्ध पेटले आणि अहवाल कपाटात पडून राहिला.

हा डोंगर घडला कसा? सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी तेथील चुनखडकात तप्त शिलारस घुसला. प्रथम नुसत्या उष्णतेने चुनखडकाचा संगमरवर झाला. मग शिलारसातून सुटलेली, सिलिका आणि लोह वाहणारी पाणी त्यात झिरपली. चुन्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला. उरलेल्या कॅल्शियमशी सिलिका, लोह व अॅल्युमिनियम यांचा संयोग होऊन गार्नेट, पायरॉक्सिन, वोलॅस्टोनाइट ही खनिजे जन्मली. या खडकास ‘स्कार्न’ म्हणतात. शब्द स्वीडनच्या खाणकामगारांचा. लोखंडाच्या धातुकाबरोबर निघणाऱ्या टाकाऊ दगडाला ते हे नाव देत. त्याच टाकाऊ दगडाचा माग आज भूवैज्ञानिक काढीत असतात, कारण गार्नेट बहुधा शिलारसाजवळ व वोलॅस्टोनाइट संगमरवराच्या कडेला आढळते, आणि या क्रमावरून धातू कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

धातू मात्र बहुतांशी उशिरा येतो. खडक निवू लागला, की पाण्याचा अंमल वाढतो. आधीची खनिजे मोडून एपिडोट, अॅक्टिनोलाइट अशी जलयुक्त खनिजे होतात. धातू वाहणारे पाणी आम्लधर्मी असते. चुनखडकाशी गाठ पडताच आम्लता ओसरते, आणि धातू पाण्याला धरून राहू शकत नाहीत. एर्ट्‌सबर्ग येथे अशा रीतीने मॅग्नेटाइट या लोहखनिजासमवेत तांब्याचे चाल्कोपायराइट व बोर्नाइट साचले. भोवतालचा खडक झिजला. कठीण मॅग्नेटाइट तेवढे उभे राहिले.

१९६० साली फोर्ब्स विल्सन हा अमेरिकन भूवैज्ञानिक डोझीचा अहवाल घेऊन तेथे पोहोचला. १९७० च्या दशकात खाण सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस धातुक संपले. जवळच ग्रासबर्गचा कितीतरी मोठा साठा १९८८ साली सापडल्याने यंत्रे तिकडे वळली. तेथील अमुंग्मे लोक या पर्वतांना पवित्र मानतात. जेथे काळा डोंगर उभा होता, तेथे आता खोल खड्डा आहे.