गर्भवतीचा प्रवास आणि कुटुंबाचे कर्तव्य



आपल्यापैकी अनेकांचे एक घर मुंबईत, तर दुसरे महाड-पोलादपूरच्या डोंगरात आहे. मुलीला दिवस गेले की बाळंतपणासाठी तिला माहेरी धाडावयाचे, ही आपली रीत. रीत वाईट नाही. परंतु जाण्याचा दिवस आपण अजून पंचांगात पाहतो. अमावास्या टळली म्हणजे संकट टळले, ही समजूत बुद्धाचा मार्ग स्वीकारलेल्या घरात राहता कामा नये. पाहावयाच्या गोष्टी दोनच : तिची प्रकृती आणि वाट.

प्रवासाला चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. नवव्या महिन्यात लांबचा प्रवास टाळावा. जुळे असेल, रक्तदाब वाढला असेल वा अंगावरून रक्त गेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना निघूच नये.

आता वाट. कशेडी घाटाच्या वळणांनी धडधाकट माणसालाही गाडी लागते. २०२३ साली बोगद्यातून वाहने जाऊ लागली व ती वळणे टळली. पावसाळा मात्र टळलेला नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरील पूल वाहून गेला. २०२१ च्या जुलैमध्ये तळिये गावावर दरड कोसळली. म्हणून बाळंतपण पावसाळ्यात येणार असेल, तर मुलीला पाऊस लागण्यापूर्वी पोहोचवा. ते जमले नाही, तर ती आहे तेथेच बाळंत होऊ द्या. त्यात माहेरचा कमीपणा नाही.

एस.टी.त तिला मागच्या बाकावर बसवू नका; दणके तेथेच अधिक. मोटारीत पट्टा अवश्य लावावा; खालचा पट्टा पोटावरून नव्हे, पोटाखालून घ्यावा. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, म्हणजे पायांत रक्त साकळत नाही. लघवीच्या संकोचाने पाणी तोडू नये. तपासणीचे कार्ड तिच्याच पिशवीत असावे.

वाटेत रक्त वा पाणी जाऊ लागले, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घर गाठण्याचा हट्ट सोडा. १०८ क्रमांकास हाक द्या व जवळचे रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे व ने-आण विनामूल्य देण्याची योजना २०११ पासून आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाचे समर्थन केले. गर्भवतीस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. जे त्यांनी कायद्याकडून मागितले, ते आपल्या सुनेला व लेकीला आपण घरात नाकारू नये.

जय भीम!